नाव घेतलं की गुण जातो

मंगळवार, १९ नोव्हेंबर १९४६

सुनेची नडगी मी पाहिलेली नाही. सासऱ्याने पाहायची नसते. त्यामुळे खालचा मजकूर भिकुबाईच्या तोंडचा आहे आणि तिला खोदून खोदून विचारून मगच लिहिला आहे. उजवा पाय. गुडघ्याखाली चार बोटं, पुढच्या अंगाला. कातडीचा रंग बदललेला नाही, हाताला ऊन लागत नाही. आत गाठ, दगडासारखी. भिकुबाई आधी लिंबाएवढी म्हणाली. मी घरातलं लिंबू तिच्या हातात दिलं, तेव्हा सुपारीवर आली. माझ्या बायकोची मापं अशीच.

दिवसा दुखत नाही म्हटलं तरी चालेल. दिवेलागणीनंतर सुरू होतं आणि माणसं निजली की वाढतं. धनु सतरा वर्षांची आहे, लग्नाला दीड वर्ष झालं. छगन, आमचा मुलगा, सुरतेला मिलमध्ये असतो, सवडीने येतो.

काल रात्री भिकुबाईने मला उठवलं. मी तीन गुंजा पूड पाण्यातून आत पाठवली. तासाभरात पोर झोपली. नंदुरबारात दुसऱ्या कुणाच्या औषधाने हे होणार नाही. हे गर्वाने नाही, अनुभवाने लिहितो.

लोक मला वैद्य म्हणतात. मी वैद्य नाही. मराठी चौथी शिकलेला, जिनात कपाशी तोलणारा माणूस. इंग्रजी कोश उशाशी घेऊन स्वतः शिकलो, औषधांची पुस्तकं स्वतः वाचली. पुडीतली मुळी तोरणमाळच्या खात्या नावाच्या भिलाने मला दाखवली. ती एकटी बेताची लागू पडायची. मग मी तिच्यात दुसरी एक वस्तू घातली. ती पांढरी आहे, सुरतेहून डब्यात येते, डब्यावर इंग्रजी चिठ्ठी असते. गिऱ्हाईक 'तोरणमाळची मुळी' म्हणून नेतं. मुळी आत आहेच, तेव्हा खोटं काही नाही. पांढऱ्या वस्तूचं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही आणि येथेही लिहीत नाही. मुळी देताना खात्याने बजावलं होतं, "आप्पा, नाव लिधं का गुण गया." मी पुष्कळ गोष्टी मानत नाही. ही मानतो. बारा वर्षं नाव घेतलं नाही आणि बारा वर्षं गुण गेलेला नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

धनुचा भाऊ सुकलाल आज धानोऱ्याहून आला. बहिणीला माहेरी नेतो म्हणाला. तिकडे कुणी तापल्या सळईने डाग देतो, त्याने गाठ विरते. ओसरीवर बसून माझा चहा प्यायला आणि मलाच ऐकवलं, "आप्पा, तुमनी पूड आख्खा तालुकाले बरं करस, मन्ही बहीनले काबर नही?"

"करते ना. घेतली की सकाळपर्यंत झोपते. विचार तिला."

"मंग दुसरी रातले परत काबर दुखस?"

औषधाला वेळ द्यावा लागतो, असं मी म्हणालो. डाग देऊ देणार नाही, हेही सांगितलं. तो गेला. त्याचा प्रश्न मात्र ओसरीवरच राहिला आहे.

शेजारच्या दगूबाईने विहिरीवर तोंड सोडलं म्हणे, "दिवसभर पानी भरस, रातले बरी लंगडी व्हस!" भिकुबाईने तिला तिथल्या तिथे उत्तर दिलं, "तुन्ही नडगीमा घालू का गाठ? मंग समजी तुले." घरी येऊन मात्र मला विचारते, पोर सोंग तर करत नसेल ना. सोंग करणारं माणूस दिवसा करतं, लोक बघत असताना. मी तिला असं सांगितलं.

सोमवार, ९ डिसेंबर

काल चंद्रग्रहण होतं. सारंगखेड्याची यात्रा भरली असूनही मी पुड्यांचं दुकान घेऊन गेलो नाही, असं पहिल्यांदाच झालं. वेध दुपारीच लागले. घरात कुणाच्या पोटात पाण्याचा थेंब नाही, तसं औषधही नाही. एका रात्रीने काय होतंय, असं मला वाटलं होतं.

दिवे लागले तशी धनु आत गेली. आधी भिंतीला काही घासल्यासारखा आवाज. मग कण्हणं. मग तोंडात पदराचा बोळा घालून माणूस ओरडतं तसा. बाहेर चंद्र तांब्यासारखा झाला होता. गल्लीत "दे दान, सुटे गिराण" चाललं होतं आणि आतला आवाज त्यात बुडत होता. मी दाराबाहेर उभा. आत जाता येत नाही. भिकुबाई बाहेर आली, "देई टाका पूड. पाप मन्हा डोकावर." मी दिली नाही. ग्रहणात घेतलेलं औषध विष होतं, असं माझी आई म्हणत असे. मी हे मानत नाही. तरी डब्याकडे हात गेला नाही.

ग्रहणाचा मोक्ष झाल्यावर अंघोळही न करता पूड दिली. झोप लागली.

इतके दिवस मी समजत होतो की दुखणं थोडं थोडं उतरतंय. ते उतरलेलंच नाही. पूड त्याच्यावर झाकण ठेवते, एवढंच. झाकणाखाली ते जागं आहे. मी दुसऱ्याच्या घरातली दुखणी बारा वर्षं ऐकली, पण असं भ्यायलो नव्हतो. आजपासून प्रमाण सहा गुंजा, दोन वेळा.

गुरुवार, २ जानेवारी १९४७

छगन आला आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरांना आम्ही घरी आणलं. गाठ दाबून पाहून ते ओसरीवर आले. म्हणाले, "हाडातलीच आहे. सुरतेला फोटो काढून घ्या."

"आणि खराब असली तर?"

ते बूट चढवत होते. मान वर न करता म्हणाले, "तरुण वयात हाडाची गाठ खराब निघाली तर पाय मांडीतून काढतात. तोही वेळेत."

पुस्तकात पाहिलं. अशा रोगात माणूस फिकट पडतं, अन्नावरची वासना जाते, झिजत जातं. धनु फिकट पडली आहे. ओठ पांढरे, उंबरा ओलांडला तरी दम लागतो. म्हणजे रोग हाडातून अंगात उतरला. भिकुबाई म्हणते, "तिले पोटमा आग पडस. सकायले डांबरना मायक काळं पडस." मी म्हणालो, शौचावाटे आतली घाण निघते आहे. पूड उपाशीपोटीच घ्यायची, हे पुन्हा बजावलं. भरल्या पोटी औषध अंगी लागत नाही. 

छगन म्हणाला, "आप्पा, पूड जराशी कमी करूत का?"

"डबा आणतोस म्हणून वैद्य झालास का?"

 डबा तोच सुरतेहून आणतो. माझ्या पायावर हात ठेवून त्याने नाव न सांगण्याची शपथ घेतलेली आहे.

बुधवार, २९ जानेवारी, सुरत

इथलं इस्पितळ मोठं आहे. मोठे डॉक्टर पारशी, लढाईत लष्करात होते. त्यांनी हाडाचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. नडगीचं हाड एका जागी पांढरंफटक जाड झालं आहे, बाभळीच्या फांदीला डोळा धरतो तसं, आणि त्या जाडीच्या पोटात ज्वारीच्या दाण्याएवढा काळसर ठिपका.

"पू असेल, नाही तर गाठ," डॉक्टर म्हणाले. "गाठ असली तर भली का नादान, म्हणजे खराब, उघडल्याशिवाय कोण सांगेल? पण उघडू कसा? या पोरीच्या अंगात रगत नाही. गुंगी दिली तर टेबलावरच जाईल. रगत जाते कुठे?"

सुनेच्या वतीने मी उत्तर देत होतो. रीतच आहे. म्हणालो, रोगाने जातं. तेवढ्यात पदराआडून आवाज आला. दीड वर्षात तिने माझ्यासमोर शब्द काढला नव्हता. मला वाटायचं आवाज बारीक असेल. चांगला भरदार आहे.

"डाक्तरसाहेब, मामंजीनी पूड खादी का दुखनं जास. साफ जास. मंग पोट पेटस. सकायले काळं पडस."

मला वाटलं भिकुबाई तिला दटावील. तिने उलट मान हलवली.

डॉक्टरांनी पुडी मागितली, कागदावर पसरली, नखाने चाळली. "लोटन आप्पा, ही मुळी जंगलची, कबूल. पण हे पांढरं कुठल्या झाडाला लागते?"

मी छगनकडे बघितलं नाही. "वाडवडिलांपासूनचं आहे. सांगायची रीत नाही."

"अफू आहे?"

"नाही."

"सोमल?"

मी उठून उभा राहिलो. "मी विष देणारा माणूस नाही."

"मग सांगा ना, बावा! अफू असली तर कसलंही दुखणं निजणारच, त्यातून मला काही कळत नाही. अफू नसली तर गोष्ट निराळी. तुम्ही नाही सांगितलं तर मी वाईटातलं वाईट धरणार. अंगात रगत आलं की पाय मांडीतून काढणार. मला तिचा जीव राखायचा आहे, तुमची पूड नाही."

पूड त्यांनी आजपासून बंद केली.

नाव सांगितलं आणि गुण गेला तर? डॉक्टर पाय कापतील किंवा राखतील आणि दुसऱ्या रोग्याकडे जातील. तिच्या रात्री आमच्या घरात उरतील. पाय गेल्यावरही दुखणं राहिलं, तर माझ्याजवळ द्यायला काही नसेल. दुसरंही एक कारण आहे, तेही लिहून ठेवतो. नाव ऐकून ही माणसं हसतील.

गुरुवार, ३० जानेवारी

रात्रभर वऱ्हांड्यात होतो. ग्रहणाच्या रात्रीचाच आवाज, पण इथे बुडवायला गल्ली नव्हती. उजाडता उजाडता छगन समोर येऊन उभा राहिला.

"आप्पा, तुमी सांगतस का मी सांगू?"

"शपथ घेतली आहेस."

"लिधी शे. शपथ मोडी त गुण जाई का नही, माले ठाऊक नही. तिन्हा पाय जाई, इतलं ठाऊक शे."

माझा मुलगा माझ्याशी असं कधी बोललेला नाही. मी म्हणालो, "तू नको. नाव घ्यायचं तर मीच घेईन."

डॉक्टर हात धूत होते. दोन नर्सबाई आणि एक कंपाउंडर तिथेच होते. एकांत मागावा असं मनात आलं, पण मागितला असता तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. म्हणालो, ॲस्पिरिन.

येथेही लिहिलं. ॲस्पिरिन.

कंपाउंडर हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांचे हात पुसायचे थांबले. "निव्वळ ॲस्पिरिन? आणि दुखणं साफ जातं? दर रात्री?"

असं नीट विचारणारं मला कुणी भेटलंच नव्हतं. मी सांगितलं. दिवेलागणीनंतर सुरू होतं. जागा बदलत नाही. ताप एकदाही नाही. पूड घेतली की तासाभरात पार थांबतं, न घेतली तर कशानेच थांबत नाही, ग्रहणाच्या रात्री पाहिलं. गाठ नोव्हेंबरात सुपारी होती, आजही सुपारीच आहे, लिंबू झालेली नाही. ते फोटोकडे बघत ऐकत होते.

"आप्पा, लष्करात एका गोऱ्या शिपायाच्या मांडीत असंच होतं. रात्रभर ॲस्पिरिन चघळायचा. त्याचा साहेब म्हणे, ढोंग करतो. अमेरिकेतले डॉक्टर अलीकडे या गाठीवर लिहू लागले आहेत. पोरांच्या हाडात होते, ती पण क्वचित. एवढीशी. पसरत नाही, जीव घेत नाही, नुसती छळते. तीच असली तर दाणा कोरून काढायचा. पाय जागेवर."

"असली तर?"

"असली तर. उघडून बघू. नादान दिसली तर मांडी." मग त्यांचा आवाज चढला. "पण तिचं पोट तुमच्या पुडीने सोललं आहे! एवढी, एवढे दिवस, आणि वर उपाशीपोटी! कुठल्या गाढवाने सांगितलं उपाशीपोटी?"

मी म्हणालो, तशी पद्धत आहे.

हे त्यांचं म्हणणं मला पटलेलं नाही. एकच वस्तू गुणही देते आणि रक्तही पिते, असं माझ्या कोणत्याही पुस्तकात नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दूध, लोहाचं औषध, यकृताच्या सत्त्वाच्या सुया. धनुच्या ओठांना रंग येतो आहे. पूड सुटल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडायचं थांबलं. नोंद म्हणून लिहितो, त्यातून काही सिद्ध होत नाही.

रात्री वाईट आहेत. अगदी सोसवेना झालं तर डॉक्टर सुई देतात. रोज देत नाहीत, सवय लागेल म्हणतात. संध्याकाळ झाली की खोलीतल्या सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येतात.

परवा माझी दाढ ठणकत होती. तीन गुंजा पूड घेतली, भाकर खाऊन. थांबली. नाव घेऊनही गुण गेला नाही. मला हलकं वाटायला हवं होतं. मग बारा वर्षं मी जपलं ते काय?

छगनने डॉक्टरांना होकार दिला आहे. आत नादान गाठ दिसली तर तिला जागं न करता पाय काढायचा. धनुला हे सांगितलं. ती भिकुबाईला म्हणाली, "आत्या, जागी व्हयनू का आगोदर हात लाई पाय चाचपू, का तुमले इचारू?" भिकुबाईने मला सांगितलं आणि मी उठून बाहेर गेलो. इथे तापी रुंद आहे, समुद्राकडे जाते. तिच्याकडे बघत राहिलो. सारंगखेड्याच्या यात्रेत हिचंच पाणी पितो, हे काही केल्या मनाला पटेना.

मंगळवार, ४ मार्च

आत नेलं तेव्हा तिने आमच्या तिघांकडेही बघितलं नाही. भिकुबाईने कानबाईदेवीला बोलायचं ते बोलून घेतलं. छगन भिंतीला कपाळ टेकून उभा. मी बसलो होतो. 

आत करवतीसारखा आवाज आला. हाड कोरायलाही हत्यार लागतंच, हे मला पुस्तकावरून ठाऊक आहे. पण कोरण्याचा आवाज कोणता आणि कापण्याचा कोणता, हे त्यात नाही. एक माणूस झाकलेली बादली घेऊन बाहेर पडला. छगनने माझा दंड धरला. बादलीकडे बघवलं नाही. ती कसली होती ते मी अजून विचारलेलं नाही.

मग डॉक्टर आले. हातात काचेची वाटी. "या, बघा. एवढ्यासाठी तुम्ही सगळा डबा खपवला."

डाळिंबाच्या दाण्याएवढं, तसंच लाल. शेजारी पांढऱ्या, टणक हाडाचे तुकडे.

"पाय?" छगन म्हणाला.

"पाय कुठे जातो? बसला आहे जागेवर. काचेखाली पाहून पक्कं सांगतो, पण मला तरी भलीच दिसते."

छगन खालीच बसला. भिकुबाईने वाटीकडे बघून कडाकडा बोटं मोडली. "मर, भवाने. मन्ही पोरना जीव खादा." डॉक्टरांना कळलं नाही. त्यांना वाटलं आशीर्वाद देते आहे. त्यांनी हात जोडले.

सोमवार, १० मार्च

काचेखालीही गाठ भलीच निघाली. डॉक्टर म्हणतात, परत येण्याचा संभव फार थोडा. थोडा म्हणजे किती, असं मी विचारलं. ते पुढच्या खाटेकडे गेले.

काल सुकलाल आला. बहिणीच्या पायाची बोटं हलवून घेतली, समाधान झालं. मग मला म्हणाला, "आप्पा, मन्ही मायना गुडघासाठे तोरनमायनी मुयी द्या ना, दोन-चार पुड्या."

छगन तिथेच होता. मी म्हणालो, "मुळी नावाला. गुण ॲस्पिरिनचा आहे. बाजारात मिळते. भाकर खाऊन घ्यायची, आणि रोज नाही."

सुकलाल म्हणाला, "मंग आमी इतला दिन तुमना पाय काबर पडनूत?"

 तो धानोऱ्यात बोलेल. धानोरं नंदुरबारात बोलेल. दुकानाचं काय व्हायचं ते होईल. भाकर खाऊन, हे तेवढं त्याच्या लक्षात राहिलं असेल की नाही, याची मला जास्त काळजी आहे.

कालपासून रात्रीची सुई बंद केली. टाके दुखतात म्हणते, पण ते दिवसाही दुखतात. काल दिवे लागले तेव्हा आम्ही दोघं खोलीबाहेर बसलो, नेहमीसारखे. पुढे माझा डोळा लागला असावा. भिकुबाईने हलवून उठवलं.

"आवाज नही येत."

ऐकलं. खरंच नव्हता. कण्हणं नाही, भिंतीला घासणं नाही, कूस बदलल्याचीही चाहूल नाही. नोव्हेंबरापासून पूड किंवा सुईवाचून अशी रात्र झालेली नाही. माझ्या पुस्तकात ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी काळजात जाऊन झोपेतच गेलेले रोगी आहेत. ते सगळे मला आठवले.

"जा, बघ," मी म्हणालो.

"तुमी जा."

"मी कसा जाऊ?"

"मंग मी बी नही जास. माले भेव वाटस."

दोघं दाराशी तसेच उभे. शेवटी तीच गेली. अंधारात तिच्या बांगड्या वाजल्या, मग थांबल्या. मग साऱ्या खोलीला जाग येईल असा धनुचा आवाज आला, "आत्या, निजू द्या ना माले! नाकमा बोट काय घाली ऱ्हायनात?"

नर्सबाई दिवा घेऊन आली आणि मला बोलली. भिकुबाई तोंडात पदर कोंबून बाहेर आली. मला वाटलं रडते आहे. हसत होती. "चिडनी," म्हणाली, "पोर आपलावर चिडनी."

ती आडवी झाली आणि लगेच घोरू लागली. मी दाराशी कान लावून बसलो. उजाडेपर्यंत आतून काही ऐकू आलं नाही.